कुंपण घालण्याआधी पाइप गाडा

नाशिकहून एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीने विचारलं आहे: बेटांवरच्या पाणथळ जागांचा अभ्यास प्रत्यक्षात कसा करतात? चराई बंद केली की त्या जागा आपोआप सावरतात का? आणि हवामान बदलणारच असेल, तर कुंपणावर पैसे घालण्यात काय हशील?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्या दोन्हींची उत्तरं त्यातच अडकलेली आहेत. चराई हा एक त्रास आणि हवामान हा दुसरा, असं धरून आपण बोलतो. जमिनीत पाहिलं तर दोन्हींचा घाव एकाच ठिकाणी बसतो, पाण्याच्या पातळीवर. मेंढीने वरचं गवत खरवडून जमीन उघडी पाडली काय, किंवा लागोपाठ दोन-तीन उन्हाळे कोरडे गेले काय, खालचं पाणी चार बोटं खाली जातं. दोन्ही एकदम झालं तर वीतभर. तापमान तुमच्या-माझ्या हातात नाही. मेंढ्या कुठे आणि कधी चरतील हे हातात आहे, म्हणून तिथे खर्च करायचा. पण नेमका कुठे, हे पाणी मोजल्याशिवाय कळत नाही. बरेच प्रकल्प आधी कुंपण घालतात आणि मग मोजमापाचा विचार करतात. तिथेच ते फसतात.

माझं काम पीटच्या (अर्धवट कुजलेल्या मुळा-पानांच्या) जमिनीतल्या पाण्यावर आहे आणि त्यातले पाच हंगाम फॉकलंड बेटांवर गेले, तेव्हा उदाहरण तिथलंच घेते. अर्जेंटिनाच्या किनाऱ्यापासून सुमारे ५०० किलोमीटरवर, दक्षिण अटलांटिकमध्ये ही बेटं आहेत. ताबा ब्रिटनचा, दावा अर्जेंटिनाचाही, त्यावरून १९८२ मध्ये युद्ध झालं. दोन मोठी बेटं आणि सातशेहून जास्त लहान. सगळी मिळून जमीन साधारण १२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यापेक्षा थोडी जास्त. माणसं साडेतीन हजारांच्या आसपास, मेंढ्या पाच लाखांच्या घरात. हिशेब केला तर साधारण सहा एकरांना एक मेंढी पडते. हे मी माण तालुक्यातल्या आमच्या गावाकडच्या एका धनगर काकांना सांगितलं, तर ते हसून म्हणाले, "मग ते मेंढरू हुडकायलाच दिवस जायचा."

त्यांचं हसणं बरोबर होतं, पण सरासरी इथे दगा देते. मेंढी सहा एकरांत सारखी फिरत नाही. बेटांचा बराचसा भाग पांढरट, चिवट गवताचा आणि खुरट्या झुडपांचा आहे, त्याला ती नाइलाजाने तोंड लावते. तिला हवी ती डबक्यांच्या काठची, ओढ्याच्या तोंडाची आणि किनाऱ्याची हिरवी, आखूड हिरवळ. समुद्रपक्ष्यांच्या आणि रानहंसांच्या विष्ठेने तिथली माती पोसलेली असते. म्हणजे कागदावर चराई विरळ दिसते, पण जी पाच टक्के जमीन सगळ्यांत ओली आणि सगळ्यांत नाजूक, तिथेच मेंढ्यांची खांड उभी असते. अभ्यासात पहिली गोष्ट हीच शोधायची: एकूण जनावरं किती यापेक्षा ती दिवसाचे किती तास पाण्याच्या काठाला असतात. त्यासाठी काही फार लागत नाही. दुर्बीण, घड्याळ आणि टेकडीच्या आडोशाला बसायची तयारी. हल्ली जीपीएसचे पट्टेही बांधतात, पण मेंढी तिथे का थांबली हे पट्टा सांगत नाही. वारा कुठून होता हे डोळ्यांनी पाहावं लागतं.

आता या जमिनीची जडणघडण. पीट म्हणजे पाण्यात बुडून राहिल्याने अर्धवटच कुजलेल्या मुळा-पानांचा काळपट थर. वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर चढतो. जगातल्या जमिनीपैकी सुमारे तीन टक्केच भाग पीटचा, पण मातीत साठलेल्या एकूण कार्बनचा जवळपास तिसरा हिस्सा त्यात आहे. फॉकलंडमध्ये झाड हा प्रकार मुळात नव्हताच, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी चुलीत हेच पीट जाळलं.

गंमत अशी की पाऊस तिथे फारसा नाही. स्टॅन्ली या राजधानीत वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पुण्याहूनही कमी. तरी जमीन ओली राहते, कारण तो पाऊस बारा महिने थोडाथोडा पडतो आणि वर्षाचं सरासरी तापमान सहा अंशांच्या जवळपास असल्याने वाफ कमी होते. जमा थोडी आणि खर्चही थोडा, असा हा संसार आहे. ज्या बेटावर दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे एक-दीड अंश वाढला तरी ओल टिकू शकते. इथे तेवढ्याने ताळेबंद उलटतो. त्यात पश्चिमेचा वारा सतत. कपडे वाळत घालायला ही जगातली उत्तम जागा आहे आणि नेमकी तीच अडचण आहे.

पीट एकदा पार वाळलं की काय होतं हे घरीच पाहता येईल. कुंडीतलं कोकोपीट महिनाभर पाण्यावाचून ठेवा आणि मग वरून तांब्याभर पाणी ओता. पाणी आत मुरत नाही, कडेने सरळ खाली जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. फॉकलंडच्या उघड्या पडलेल्या पीटचं अगदी असंच होतं. पाऊस पडतो, पण वरून वाहून जातो, वाळलेली भुकटी वारा उडवतो आणि खाली पांढरट चिकणमाती उघडी पडते. तिच्यावर पुढची कित्येक वर्षं काही उगवत नाही. म्हणून गवताचं ते पातळ कातडं शाबूत ठेवणं महत्त्वाचं. मेंढीचे दात आणि खूर ते फाडतात आणि कोरडा उन्हाळा ती जखम रुंद करतो.

हे कातडं सगळ्यांत जाड कुठे होतं? किनाऱ्यावरच्या टसॅक गवतात. माणसाच्या डोक्यावर जाणारं, खोडासारख्या बुंध्यावर वाढणारं हे गवत एके काळी बेटांना कडेने वेढून होतं. १७६४ मध्ये फ्रेंचांनी पहिली वसाहत केली तेव्हा गुरं आणली, पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेंढ्यांचं राज्य आलं. टसॅक गोड असतं आणि मेंढी ते मुळापासून संपवते. आज मोठ्या बेटांवर ते तुकड्यांपुरतं उरलं आहे. ज्या लहान बेटांवर जनावर कधी उतरलंच नाही तिथे मात्र घनदाट आहे. तिथे गेल्यावर कळतं की बाकीचा किनारा आधी कसा असेल.

टसॅकचं समुद्राशी नातं किती जुनं, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवलं. ईस्ट फॉकलंडच्या किनाऱ्यावर पीटचा खोल गाभा काढून त्यातले परागकण आणि पक्ष्यांच्या विष्ठेच्या खुणा थर मोजत तपासल्या, तेव्हा दिसलं की हवामान थंड होत असताना सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी समुद्रपक्षी तिथे मोठ्या संख्येने वसले आणि त्यांच्या खतामुळे टसॅक फोफावलं. म्हणजे पक्षी गेले तर गवताचा खुराक जातो. मेंढ्या हटवल्या आणि उंदीर-मांजरं तशीच ठेवली, तर निम्मंच काम झालं.

आता पाइप. तुमच्या प्रश्नातल्या "प्रत्यक्षात कसा" या शब्दांचं उत्तर माझ्यासाठी इथे आहे. सव्वा-दीड मीटरचा साधा पीव्हीसी पाइप, दोन बोटं जाडीचा. ड्रिलने त्याला सगळीकडून भोकं पाडायची, खालचं तोंड बंद करायचं आणि वरून बायकांचा नायलॉनचा लांब मोजा चढवायचा, म्हणजे गाळ आत येत नाही. हाताच्या गिरमिटाने तेवढंच भोक पाडून पाइप घट्ट बसवायचा. पातळी मोजायची युक्ती मला पहिल्या हंगामात एका मेंढपाळाच्या मुलाने शिकवली: खुणा केलेली बारीक रबरी नळी पाइपात सोडत जायची आणि तोंडाने हळूच फुंकत राहायचं. बुडबुड आवाज आला की पाणी लागलं, खूण वाचायची. वारा असेल तर कान पाइपालाच लावावा लागतो. चांगल्या ओल्या पीटमध्ये हे पाणी पृष्ठभागाखाली दहा-वीस सेंटिमीटरवर लागतं.

एक खोच आहे. पीट ओलं झालं की फुगतं आणि सुकलं की बसतं, म्हणजे जमीनच खालीवर होते आणि पाइपही तिच्याबरोबर. तेव्हा शेजारी एक लोखंडी गज खालच्या चिकणमातीत रुतेपर्यंत ठोकायचा आणि दर वेळी गजाच्या टोकापासून जमीन किती आणि पाणी किती हे दोन्ही लिहायचं. हे न केल्यामुळे वाया गेलेल्या नोंदवह्या मी पाहिल्या आहेत. हंगामाच्या शेवटी दुसरा एक साधा गज उपटून पाहते. हवा पोचते तिथवर तांबडा गंज, त्याखाली नुसती काळसर झाक. तारखा सांगत नाही, पण पाणी बहुतेक काळ कुठे होतं हे गज खोटं बोलल्याशिवाय सांगतो.

पाण्याच्या दाबावरून पातळी सांगणारे स्वयंचलित दाबमापक आहेत, दर तासाला नोंद करतात, मीही वापरते. पण हवेचा दाब वेगळा मोजून वजा करावा लागतो, आणि बॅटरी नेमकी सगळ्यांत कोरड्या आठवड्यात मरते. फुंकायची नळी मरत नाही. हरवू मात्र शकते. तिथे जॉनी रूक नावाचा एक शिकारी पक्षी आहे, कॅराकारा जातीचा, त्याला माणसाची प्रत्येक वस्तू उचलून पाहायची असते. डार्विन १८३३ आणि १८३४ मध्ये तिथे गेला होता, त्याने लिहून ठेवलंय की या पक्ष्यांनी मोठी टोपी मैलभर नेली आणि लाल चामड्याच्या डबीतला होकायंत्र पळवला तो मिळालाच नाही. माझी नळी आणि लाल टेपचं एक रीळ त्यांच्याकडे जमा आहे.

कुंपणाची चाचणी मांडताना मी स्वतः केलेली चूक सांगते, तुम्ही करू नका. एका डबक्याच्या काठी दहा बाय दहा मीटरचा चौकोन बंद केला आणि तुलनेसाठी कुंपणाला लागूनच बाहेरचा चौकोन धरला. दोन हंगामांनी फरक डोळे दिपवणारा! आत गुडघाभर गवत, बाहेर चिखल. अहवाल लिहायला घेतला, तेव्हा एका शेतकरीणबाईने चहा ओतता ओतता विचारलं, मेंढ्या कुंपणाच्या कडेकडेनेच चालतात हे माहीत आहे ना? तारेचा थोडा आडोसा मिळतो, म्हणून त्या तिथेच पायवाट पाडतात. म्हणजे बाहेरची दुर्दशा चराईने नव्हे, माझ्याच कुंपणाने केली होती. अहवाल फाडला. तेव्हापासून तुलनेचा चौकोन कुंपणापासून किमान पन्नास पावलं लांब, कुंपण घालण्याआधी निदान एक पूर्ण वर्ष दोन्हीकडे मोजमाप, आणि तीन प्रकारचे चौकोन: सगळं खुलं, मेंढीला बंद पण हंसाला खुलं, आणि दोघांनाही बंद. रानहंसही भरपूर चरतो. एके काळी मेंढीच्या तोंडचं गवत खातो म्हणून सरकार त्याच्या चोचींवर बक्षीस देत असे. त्याला हिशेबाबाहेर ठेवलं तर सगळं खापर मेंढीच्या माथी फुटतं.

सगळ्यांत मोठा कुंपणाचा प्रयोग मात्र कोणी ठरवून केलाच नाही. १९८२ च्या युद्धात पेरलेल्या सुरुंगांभोवती तारा ओढल्या गेल्या आणि जवळपास चार दशकं तिथे ना माणूस गेला ना मेंढी. पेंग्विन वजनाने हलके, त्यांना काही झालं नाही. त्या तारांमागे काही किनाऱ्यांवर गवत असं माजलं की कोणत्याही संशोधकाला हेवा वाटावा. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये बेटं सुरुंगमुक्त जाहीर झाली. शास्त्र म्हणून त्या जागांवर फार भार टाकता येत नाही, कारण आधीची मोजमापं नाहीत आणि सुरुंग कुठे पेरायचे हे सैन्याने वनस्पती पाहून ठरवलं नव्हतं. पण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ तारेपाशी उभी होते.

उपग्रहांबद्दल थोडक्यात. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर दहा मीटरचा असतो आणि तिथलं आकाश बहुधा ढगाळ, त्यामुळे वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच स्वच्छ चित्रं मिळतात. डबकी कधी आटली हे पाहायला रडारचा सेंटिनेल-१ बरा, त्याला ढग आडवे येत नाहीत. पण वाऱ्याने पाण्यावर लाटा उठल्या की त्याला पाणी आणि जमीन सारखीच खडबडीत दिसते. जुने हवाई फोटो, शेतांच्या जुन्या डायऱ्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी यांना कमी लेखू नका. "या डबक्यावर आम्ही हिवाळ्यात घसरायचो" हाही पुरावाच आहे, फक्त दुसऱ्या एखाद्याकडून पडताळून घ्यायचा.

आता, चराई थांबवली की सावरतं का? सी लायन आयलंड हे जेमतेम नऊ चौरस किलोमीटरचं बेट सरकारने १९९० मध्ये विकत घेतलं आणि मेंढ्या हलवल्या. २००१ मध्ये ते महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आलं, त्याच वर्षी ईस्ट फॉकलंडवरचा बर्थाज बीचही. सी लायनवर उंदीर-मांजरं कधीच नव्हती, टसॅकचे पट्टे शिल्लक होते, डबक्यांवर बदकं आणि टिबुकल्या होत्या. असं भांडवल असेल तर जागा स्वतः उभी राहते. जिथे पीट जाऊन चिकणमाती उघडी पडली आहे तिथे नुसतं कुंपण म्हणजे रिकाम्या माठावर झाकण. तिथे हाताने टसॅकची रोपं लावावी लागतात, स्थानिक गवतांचं बी पेरावं लागतं आणि वर काहीतरी पांघरावं लागतं. लेंड्यांनी माखलेली, गिरणीला न चालणारी लोकर अंथरून पाहिली आहे. ओल धरते, खत होते आणि उडत नाही. मेंढीने नेलेलं मेंढीनेच परत दिलं म्हणायचं.

आणि हवामानाचा वाटा किती, हे पाहायचं तर ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वेरी बेटाकडे पाहा. तिथे चरणारे होते ससे. १९७८ पासून विषाणू सोडून त्यांना आवर घातला, २००० पर्यंत रानमांजरं संपवली, मग विषाणूचा जोर ओसरला आणि ससे लाखावर गेले. चढ इतके बोडके झाले की २००६ मध्ये दरड कोसळून किंग पेंग्विन गाडले गेले. शेवटी हेलिकॉप्टर आणि कुत्रे लावून मोहीम झाली आणि २०१४ मध्ये बेट ससे-उंदीरमुक्त जाहीर झालं. मोठ्या पानांच्या वनस्पती झपाट्याने परतल्या. पण माळावरची अझोरेला नावाची गादीसारखी वनस्पती २००८ पासून मरतेच आहे. ससा तिचं मूळ दुखणं नव्हता. संशोधक बोट दाखवतात ते वाढलेल्या वाऱ्याकडे आणि उन्हाळ्यातल्या कोरड्या दिवसांकडे. एकाच बेटावर एक रोगी बरा झाला, दुसरा नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवा, आणि त्यासाठी बेटावर जायची गरज नाही. भरतपूरच्या केवलादेवमध्ये १९८२ साली म्हशींची चराई एकदम बंद केली. विरोध झाला, पोलीस गोळीबारात माणसं मेली. नंतर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात दिसलं की म्हशी जे पाणगवत खात होत्या तेच आता उथळ पाण्यात माजून पक्ष्यांची जागा अडवतंय. फॉकलंडच्या हिरवळीवरही काही छोटे पक्षी आखूड गवतातच राहतात. तेव्हा "चराई वाईट" असं सरसकट लिहून कोणी दिलं तर मी त्याला आधी विचारते, कुठल्या डबक्याची गोष्ट करताय?

राहिला माणसांचा भाग. फॉकलंडची बहुतेक जमीन खाजगी आहे. पूर्वी ती मोजक्या मोठ्या कंपन्यांकडे होती. लॉर्ड शॅकल्टन यांनी ब्रिटिश सरकारसाठी बेटांच्या अर्थव्यवस्थेवर लिहिलेल्या १९७६ आणि १९८२ च्या अहवालांनंतर ती कुटुंबांत वाटली गेली. १९८६ मध्ये मासेमारीचं क्षेत्र जाहीर झालं आणि स्क्विडच्या परवान्यांतून इतका पैसा आला की लोकर हा बेटांचा एकुलता आधार राहिला नाही. हे मी मुद्दाम सांगते. दोन वर्षं पाणवठा बंद ठेवा, असं शेतकऱ्याला म्हणणं सोपं. त्याचं घर त्या लोकरीवरच चालत असेल तर तो ऐकणार कसा?

तिथे ज्याचा उपयोग होताना पाहिला तो उपाय आमच्या धनगर काकांना नवा वाटला नाही: एका रानात वर्षभर मेंढ्या न ठेवता फिरत्या ठेवायच्या, उन्हाळ्यात ओल्या काठांना विश्रांती द्यायची आणि बी पडून गेल्यावर थोडे दिवस खांड सोडायची. "मग इतके दिवस काय एका जागी बसवत होते?" काकांचा प्रश्न. होय, एका जागीच. तारेची कुंपणं मैलोन्‌मैल लांब, राखण करणारं कोणी नाही, आणि मेंढपाळ महिन्यातून एकदा फेरी मारणार. आपल्याकडे खांडीबरोबर माणूस चालतो. माणूस चालतो तिथे गवत कुठवर खाल्लं गेलंय हे कोणीतरी रोज पाहत असतं.

तुम्हाला कुठल्या बेटावर जायला मिळेल तेव्हा मिळेल. तोवर नांदूर मध्यमेश्वर जवळ आहे, गोदावरी-कादवेच्या संगमावर, रामसर यादीत गेलेलं आपल्या राज्यातलं पहिलं ठिकाण. पीट नाही, पण गाळाची बेटं, गुरं आणि दर हंगामाला हलणारी पातळी, सगळं आहे. वनखात्याची लेखी परवानगी घ्या, अभयारण्य आहे ते. मग चार पाइप गाडा: दोन गुरं उतरतात तिथे, दोन उतरत नाहीत तिथे. दर पंधरवड्याला वाचा. पहिले तीन महिने सगळे आकडे सारखेच दिसतील आणि वैताग येईल. आकडे तेव्हाही लिहाच. आणि पाइपाच्या तोंडाला टोपण घट्ट बसवा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात आत बेडूक राहायला येतो आणि नळी फुंकली की तो बुडबुडतो.